उजवा गुडघा

नाना, पेपर अजून येतो.

तुम्ही जाऊन तेवीस दिवस झाले. बाबांना मी दोनदा म्हटलं, इंग्रजी पेपर बंद करा, घरात आता कोणाला लागत नाही. ते हो म्हणतात आणि पेपरवाल्याला सांगायचं विसरतात. साडेसातच्या सुमारास तो दाराखालून आत सरकतो. फरशीवर घासल्याचा आवाज होतो आणि मी जिथे असेन तिथे थांबते. त्या आवाजानंतर तुमची लोखंडी खुर्ची करकरायची आणि तुम्ही म्हणायचात, "वाच गं."

खुर्ची तशीच खिडकीशी आहे. परवा आईने ती पुसायला हलवली तेव्हा करकरली. मी स्वयंपाकघरातून हात तसेच ओले घेऊन बाहेर आले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच, हे तुम्हाला माहीत आहे.

मला इंग्रजी शाळेत घातलं ते तुमच्या हट्टामुळे. तुम्ही बाबांचे थोरले भाऊ, तुमचा शब्द घरात मोडत नसे. "पोरगी सायबासंगं सायबाच्या भाषेत बोलली पायजे," असं तुम्ही म्हणाला होता म्हणे. मी साहेबाशी काय, वर्गातल्या मुलींशीही बोलले नाही. इंग्रजी शिकले आणि इंग्रजीत गप्प बसायलाही शिकले. मग साखरेच्या आजाराने तुमचे डोळे गेले, अगदी पूर्ण नाही, पण छापलेली अक्षरं मुंग्यांसारखी दिसू लागली. तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, आणि माझ्या इंग्रजीचा कोणाला तरी उपयोग झाला. रोज अर्धा तास मी मोठ्याने बोलायचे, पण दुसऱ्यांची वाक्यं. ते मला जमत होतं.

शेवटच्या पानापासून सुरुवात. आधी फुटबॉल. क्रिकेट तुम्ही ऐकून घ्यायचात, पाहुण्यांची चौकशी ऐकावी तसं. फुटबॉलचं एक वाक्य मी इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "मग?" पुढचं वाक्य. "मग?" बातमी संपली तरी "मग?" मी म्हणायचे, "संपलं, नाना." तुम्ही म्हणायचात, "संपलं कसं? त्यो घरी गेला आसंल. जेवला आसंल."

त्याचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. तुम्ही त्याला अकरा नंबर म्हणायचात, म्हणून मीही तेच म्हणते. तुमचे डोळे चांगले होते तेव्हा शेजारच्या मास्तरांच्या टीव्हीवर तुम्ही त्याला एका विश्वचषकात पाहिलंत. मी तेव्हा सहावीत होते. डाव्या बाजूने पळणारा, मोजे घोट्यापर्यंत उतरलेला, बंदरावर माल उतरवणाऱ्या हमालाचा मुलगा. सगळे खेळाडू गोल केल्यावर हात पसरून धावत सुटायचे. हा खाली वाकायचा, गवताला हात लावायचा आणि मान खाली घालून आपल्या जागी परत यायचा. तालमीत उतरताना गडी मातीला हात लावतो, तसा. तुम्ही मास्तरांना म्हणालात, "ह्येला कुनीतरी चांगल्यानं शिकवलंय."

माझ्या अ‍ॅटलासमध्ये मी तुम्हाला त्याचा देश दाखवला होता. साताऱ्यावर अंगठा आणि त्याच्या बंदरावर करंगळी ठेवायला तुमची वीत पुरली नाही. "एवढ्या लांब," तुम्ही म्हणालात, "आन् आपल्यावानीच वाकतो की." त्यानंतर चार वर्षं मी त्याला तुमच्यासाठी वाचलं. त्याने क्लब बदलला, त्याचं लग्न झालं, त्याला ताप आला. साताऱ्यात एका खिडकीशी फौजेतून परतलेला एक हवालदार त्याच्या तापाची काळजी करतो, हे त्याला कधी कळलं नसेल.

मग पुढचा विश्वचषक आला. मी दहावी संपवून घरी होते. त्या सकाळी मी पेपर उघडला आणि शेवटच्या पानावर अर्धं पान त्याचं होतं. प्रशिक्षकाने त्याला सामन्यात बाकावर बसवायचं ठरवलं होतं. त्याने भांडण केलं, बॅग भरली, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी संघ सोडून विमानाने निघून गेला. पत्रकारांना म्हणाला, मी बसून राहायला आलो नव्हतो.

मी ते मनात वाचलं. तुम्ही वाट बघत होता. तुमच्या विजारीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर दुमडलेला होता आणि तुम्ही तिथे तेल चोळत होता, रोजच्यासारखं.

त्या गुडघ्याची गोष्ट घरात मोठ्याने कोणी काढत नसे, पण मला ती माहीत होती. तुम्ही पलटणीच्या फुटबॉल संघात होता. खडीच्या मैदानावर सामन्यात पडलात, गुडघा निखळला. पंधरा दिवसांत पलटण सीमेवर गेली आणि तुम्हाला मागे ठेवलं. पुढे तुम्ही घरी आलात. गावातल्या भावकीत तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, खेळता खेळता पाय मोडला, बरा मुहूर्त साधला. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत. तिथे हे वाक्य माणसाच्या मागे चालत राहतं. तुम्ही एकच शब्द कधी उच्चारत नव्हता. मैदान सोडून पळणाऱ्याला फौजेत म्हणतात तो. भगोडा.

"वाच की गं. काय झालं?"

मी तुमच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याचा गुडघा दुखावलाय, नाना. उजवा. तो खेळू शकणार नाही."

तुमचा हात थांबला. "मग?"

"मग... त्याला घरी पाठवलंय."

तुम्ही तेलाची बाटली चाचपून बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "लय वाईट वाटलं आसंल त्येला. बाकीचे खेळनार आन् आपुन इमानात."

मी पान दुमडलं आणि अ‍ॅटलासमध्ये ठेवलं. मला वाटलं, प्रकरण तिथेच संपलं.

उस्मानचाचा दर महिन्याला सांगलीहून यायचे. तुमच्या पलटणीतले, त्याच संघातले, मूळचे आष्ट्याचे. सांगलीत हळदीच्या पेठेजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या पाटीवर त्यांनी तुमच्या नादाने मोठा अकरा आकडा रंगवून घेतला होता, आणि गिऱ्हाईक विचारायचं, चाचा, पहिली धा दुकानं कुठं हायती? सैनिक कॅन्टीनमधलं सामान घेऊन झालं की तुम्ही दोघं स्टँडजवळच्या हॉटेलात बसायचात. त्या रविवारी पिशवी धरायला मी बरोबर होते. शेजारच्या बाकड्यावर बसून क्रीमरोल खात होते.

"काय हवालदार," चाचा बसता बसता म्हणाले, "तुजा अकरा नंबर पळाला की रं."

"पळाला न्हाई. गुडघा गेलाय त्येचा."

"कुनी सांगितलं?"

"इंग्रजी पेपरात आलंय. पोरीनं वाचलंय."

"आरं गड्या, सगळ्या सांगलीला ठावं हाय. कोचसंगं भांडला आन् पेटी उचलून चालता झाला."

"तुमच्या सांगलीत हळद इकत्यात. इंग्रजी कोन वाचतंय?"

हॉटेलातले दोघं-तिघं हसले. चाचाही हसले. मला वाटलं आता विषय बदलेल. पण गल्ल्यावरचा माणूस मराठी पेपर हलवत म्हणाला, "चाचा बराबर हायती. ह्यात बी दोन वळी आल्यात." तेव्हा तुम्ही सरळ बसलात, परेडला बसावं तसे, आणि म्हणालात, "दोन वळीत काय कळतंय? आमच्यात अर्धं पान हाय."

चाचा माझ्याकडे वळले. "तू सांग पोरी. काय लिवलंय?"

सगळं हॉटेल माझ्याकडे बघत होतं. नाना, मी त्या क्षणाकडे इतक्या वेळा परत गेले आहे की त्या बाकड्याचा हिरवा रंग कुठे उडाला होता तेही मला आठवतं. मी खरं सांगू शकले असते. तुमचा मान गेला असता, पण चहा संपेपर्यंत परत आला असता. त्या रविवारी घरी येताना तुम्ही मला रागावला असतात आणि सोमवारी म्हणाला असतात, वाच गं.

मी म्हणाले, "नाना म्हणतात तेच."

चाचांनी माझ्याकडे अजून थोडा वेळ बघितलं. मग ते तुमच्याकडे वळले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "बरं हाय. गुडघ्याचं निमित्त तुला पटनारच की. तुज्या बी कामी आलंय ते."

कोणी हसलं नाही. तुम्ही ग्लास ठेवायला टेबलाची कड बोटांनी शोधलीत, ग्लास ठेवला आणि उठलात. चाचा म्हणाले, "बस रं, तसं न्हाई..." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. आपण रिक्षा न करता घरापर्यंत चालत आलो. किल्ल्याच्या बाजूने वारा सुटला होता आणि तुमचा पाय ओढत होता. एवढ्या वाटेवर तुम्ही एकच वाक्य बोललात. "इंग्रजी शाळंत घातलं त्येचा आज उपेग झाला."

पुढच्या महिन्यात चाचा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. दिवाळीत त्यांचं कार्ड आलं, ते मी वाचलं. तुम्ही म्हणालात, "ठेव." ईदला तुम्ही कार्ड पाठवलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "त्येनं पाय बघितलाय माजा. दुसरं कुनी बोललं आसतं तर मी चा पीत बसलो आसतो."

मी तेव्हाही सांगितलं नाही. मी स्वतःला म्हणायचे, भांडण त्यांच्या शब्दावरून झालं आहे, माझ्या नाही. हे खरंही होतं. रात्रंदिवस जवळ बाळगता येईल एवढं खरं होतं.

वर्षभराने एका सकाळी पेपर वाचून झाला आणि तुम्ही म्हणालात, "अकरा नंबरची ती बातमी हाय का गं तुज्याकडं? परत वाच."

मी अ‍ॅटलास आणला. पान उघडलं. त्याचा फोटो होता, विमानतळावरचा, खांद्यावर बॅग. फोटो बघत मी वाचल्यासारखं केलं. सरावाच्या वेळी तो पडला, डावा गुडघा मुरगळला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तुम्ही या वेळी "मग?" म्हणाला नाहीत. मी वर बघितलं. तुमचे डोळे माझ्या दिशेने होते, पण त्यांना मी नीट दिसत नव्हते.

"मागं उजवा म्हनाली व्हतीस," तुम्ही म्हणालात.

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग तुम्ही विजार नीट केलीत आणि म्हणालात, "आसू दे. लय दीस झालं. इसरली आसशील." आणि क्रिकेट वाचायला सांगितलंत.

मला त्या सकाळी वाटलं होतं की मी वाचले. आता मला तसं वाटत नाही. तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. आणि ओळखल्यावर सांगलीच्या गाडीत बसून चाचांकडे जायचं, तर त्यांना सांगावं लागलं असतं की पोरगी खोटं बोलली. ते तुम्ही केलं नाहीत. पुढची तीन वर्षं तुम्ही मित्राशिवाय त्या खुर्चीत बसलात आणि माझा शब्द सांभाळलात. असंच झालं का, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. मी रोज सकाळी तुमच्यासमोर बसत होते.

मधे आपला एकदा वाद झाला होता, आठवतं? मी कॉलेजात गेले होते, थोडा धीर आला होता. मी म्हणाले, "समजा एखाद्याला विनाकारण बाहेर बसवलं, तर त्याने का थांबावं? निघून जाण्यात काय चूक आहे?" मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "भाईर बसीवलं तर भाईर बसायचं. पन कपडे घालून बसायचं. बोलावलं तर?" मी म्हणाले, "आणि कधीच नाही बोलावलं तर?" तुम्ही हसलात. तुमचा चहा आला आणि तुम्ही तो बशीत ओतून घेतलात.

यंदाच्या विश्वचषकाला तुम्ही फार थकला होता. बातम्या ऐकता ऐकता झोपायचात. एकदाच जागे होऊन विचारलंत, "अकरा नंबर कुनाला दिलाय?" मी म्हणाले, नवा मुलगा आहे. "वाकतो का?" मी म्हणाले, पेपरात तसं काही लिहिलेलं नाही. या वेळी मी खरं सांगितलं.

तुम्ही गेल्यावर सांगलीला पोस्टकार्ड मी टाकलं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेंची वंदना चालू होती आणि मी फाटकाकडे बघितलं तर चाचा बाहेर उभे होते. हातात टोपी. बाबा आत बोलवायला गेले. ते आले, तथागतांच्या मूर्तीपुढे तुमचा फोटो होता, तिथे दोन मिनिटं उभे राहिले, तुमच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि पाणीही न घेता निघून गेले. मला त्यांच्या मागे जायचं होतं. मी पंगतीत ताटं मांडत राहिले.

काल मी त्यांच्याकडे गेले. कोणाला न सांगता, अ‍ॅटलास पिशवीत घालून. सांगली स्टँडवरून चालत दुकान शोधलं. पेठेत सगळीकडे हळदीची पिवळी धूळ असते, पाटीवरच्या अकरावरही होती, पण आकडा वाचता येत होता. चाचा एका वाकड्या चाकाचा आउट काढत, ते सरळ करत होते. मला बघून त्यांनी फडक्याला हात पुसले आणि स्टूल पुढे केलं.

"ये पोरी. एकटीच आलीस?"

मी हो म्हणाले. मग काय बोलायचं ते सुचेना. गाडीत दोन तास पाठ केलेलं सगळं गेलं. म्हणून मी अ‍ॅटलास उघडला, ते पान काढलं आणि मला जे येतं तेच केलं. वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. जसं छापलं होतं तसं. प्रशिक्षक, बाक, भांडण, बॅग, विमान. चाचा चाकाच्या आऱ्यांकडे बघत ऐकत होते. शेवटचं वाक्य झालं. मी थांबले.

"मग?" ते म्हणाले.

नाना, मी पानावरून वर बघितलं. तोच आवाज नव्हता, पण तसंच म्हणणं होतं, शेवटी वर न जाणारं. ही सवय तुमच्या दोघांत आधी कोणाची होती, कोण जाणे.

"मग," मी म्हणाले, "मी नानांना वेगळं वाचून दाखवलं."

मी सगळं सांगितलं. तेल, उजवा गुडघा, हॉटेल, वर्षाने डावा. इतकं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. एक गिऱ्हाईक हवा भरायला आलं, चाचांनी पंपाकडे बोट दाखवलं आणि त्याने स्वतःच हवा भरून घेतली.

"मला हाटेलातच कळलं हुतं," चाचा म्हणाले. "तुज्या तोंडावर लिवलं हुतं. म्हनून तर राग आला. म्हटलं, ह्ये दोगं मिळून मला खोटं पाडत्यात." त्यांनी फडकं घडी केलं, परत उलगडलं. "तुजं मायेनं हुतं पोरी. माजं..."

त्यांनी चाकाला बोटाने एक फेरा दिला. ते थांबल्यावर म्हणाले, "मैदानातनं त्येला मी उचलला हुता. ह्या खांद्यावर. हाड असं भाईर आल्यालं मी माज्या डोळ्यानं बघितलं. सगळ्या जगात एकटा मीच हुतो बघनारा. आन् मीच बोललो."

"तुम्ही का नाही आलात परत?" मी विचारलं. हे मी विचारू शकेन असं मला वाटलं नव्हतं.

"आलो हुतो की. दोनदा. स्टँडवर उतरायचो, चा प्यायचो, परतीची गाडी धरायचो." ते जरा हसले. "अकरा नंबरला पळाला म्हनत हुतो मी."

दुपारची नमाज झाली असावी, पेठेतून माणसं परत येत होती. मी पान दुमडायला लागले तर चाचांनी हात आडवा केला.

"त्येला वाचलीस तशी वाच."

"काय?"

"बातमी. जशी त्येला वाचून दावलीस, तशी."

मी पान पुन्हा उघडलं. विमानतळावरचा फोटो, खांद्यावर बॅग. मी इंग्रजीत काही वाचलं नाही. म्हणाले, "त्याचा गुडघा दुखावलाय. तो खेळू शकणार नाही. त्याला घरी पाठवलंय."

"कुठला गुडघा?"

"उजवा," मी म्हणाले.

चाचांनी मान हलवली. त्यांचा तळहात त्यांच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर जाऊन बसला होता, ग्रीसने काळा झालेला.

"उजवाच," ते म्हणाले. "उजवाच हुता त्येचा."